बावीस गणंग

"काही बिया भिजत नाहीत म्हणून त्या मेलेल्या असतात असं समजू नका," म्हैसाळकर बाई फळा पुसता पुसता म्हणाल्या. "त्यांचं टरफलच इतकं घट्ट असतं की पाण्याला आत वाट मिळत नाही. टाचणीनं जरासा ओरखडा काढा, त्याच बिया दोन दिवसांत रुजतात." वर्गातली बाकीची पेनं हे उतरवून घेत होती आणि माझं पेन 'मेलेल्या' या शब्दावर अडलं. माझं पेन कधी अडत नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या शाळेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारी मुलगी कोण, असं शिपायालाही विचारलं तरी तो दहावी 'अ'कडे बोट करील. वक्तृत्वाचे दोन कप हेडमास्तरांच्या कपाटात आहेत ते माझे. कोरेगावकडून आले तेव्हा मी 'हाय', 'न्हाई' बोलायची आणि मुली तोंडावर रुमाल धरायच्या. आता त्याच मुली निबंधाच्या आदल्या दिवशी माझ्या मागे मागे फिरतात. अशी मी, आणि माझ्या बोटांच्या टोकांना एकदम ओल लागली. खरोखर लागली. फडक्यातून निथळणाऱ्या पाण्याची, सकाळच्या गार ताटलीची. बावीस, असं कुणीतरी माझ्या आत म्हणालं. "काय विजयमाला, आज प्रश्न नाही?" बाईंनी विचारलं. सगळा वर्ग हसला, आणि मीही हसले, कारण हसणं मला पटकन येतं.

बावीस दाणे होते. लहान, काळपट, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे. दीड वर्षापूर्वी, जून महिन्यात, मी ते एकेक वेचून बाजूला काढले आणि टाकून दिले. ते सोयाबीन होतं, म्हणजे अर्धं सोयाबीन. उरलेलं अर्धं काय होतं ते सांगायचं तर नलवडे सर सांगायला हवेत. आमचे आपा, म्हणजे माझे वडील, मिलिटरीतून सुटून आले आणि इथल्या एका कॉलेजात त्यांना बागेवर नोकरी लागली. कॉलेजच्या मागे पाच गुंठ्यांचं वावर होतं, तारेचं कुंपण घातलेलं. त्यात वनस्पतिशास्त्राचे नलवडे सर सोयाबीन लावायचे. आपांना आधी पटलंच नाही. एका ओळीत नीट उभी झाडं, आणि शेजारच्या ओळीत काटक्यांवर चढवलेला, गुंतवळासारखा एक बारीक वेल. "सर, हे तण उपटू का?" आपांनी पहिल्याच दिवशी खुरपं घेऊन विचारलं होतं. "सयाजीराव," सर म्हणाले, "ते तण नाही, सोयाबीनचा रानटी पणजोबा आहे. परदेशातून पाकिटात घालून मागवलाय. त्याला उपटलंत तर मी तुमच्या दारात उपोषणाला बसेन." आपा ही गोष्ट सांगताना दर वेळी उपोषणाचे दिवस वाढवायचे.

त्या पणजोबाकडून सरांना काय हवं होतं ते मला एका वाक्यात कळलं, कारण ते मी चाखलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावी मदतीचं तेल आलं होतं, पत्र्याच्या डब्यातून. नवा डबा फोडला की ठीक असायचं; पण पंधरा दिवस उघडा राहिला की त्या तेलाला असा वास सुटायचा की आई भाजी फोडणीला टाकायची आणि तोंड फिरवून बसायची. आम्ही खाल्लं, भूक होती म्हणून. पण शेजारच्या अंबूबाई आपल्या वाटणीचं तेल दिव्याला घालायच्या आणि म्हणायच्या, देवाला नाक नाही म्हणून बरं. ते तेल सोयाबीनचं होतं. सर म्हणाले, "तेलात एक आम्ल असतं, ते लवकर बिघडतं आणि वास मारतो. ते कमी असलेलं बी मला हवंय. आपल्या लागवडीच्या वाणात सापडत नाही. रानात हजारो वर्षं एकटं वाढलेल्या नात्यात कुठंतरी लपलेलं असेल. रानातल्या नात्यांचं असंच असतं, कुणाजवळ काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही." असं ते बोलायचे आणि मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी बोलतोय, तेरा वर्षांच्या, अजून 'व्हय' म्हणणाऱ्या मुलीशी, आणि उत्तराची वाट बघतोय.

सरांची बोटं जाड होती आणि सोयाबीनचं फूल तांदळाच्या कणीएवढं. ते उमलायच्या आत, सकाळी, चिमट्यानं उघडायचं, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाच्या फुलातला पराग आणून टेकवायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. सरांची शंभरातली अठ्ठ्याण्णव फुलं गळायची. एकदा मी कुंपणाशी उभी राहून बघत होते, तर मला म्हणाले, "हात दाखव." मी हात दाखवले. भांगलणीनं आणि शेणानं खरखरीत झालेले हात, शाळेत बाकाखाली लपवायचे हात. "ही बोटं मला उसनी दे," सर म्हणाले. त्या मोसमात मी पराग लावलेल्या शंभर फुलांतल्या अकरांना शेंगा धरल्या. अकरा. सरांनी तो आकडा कॉलेजच्या प्राचार्यांना सांगितला, आपल्या बायकोला, शालूकाकूंना सांगितला, चहावाल्याला सांगितला. मी वर्गात हात वर करायला लागले ती त्या आठवड्यापासून. लोक म्हणतात, शहरात आली आणि पोरगी धीट झाली. शहराचा काय संबंध. तांदळाच्या कणीएवढ्या फुलाचा संबंध.

पुढच्या पिढीची झाडं नातवंडांसारखी निघाली, कुणी उभं, कुणी अर्ध्यातून वेलासारखं लोंबणारं. आणि पणजोबाची एक खोड सगळ्यांत उतरली: शेंग वाळली की आपोआप तडकायची. त्या दिवाळीनंतर ऊन असं काही पडलं की एका दुपारी ती सबंध ओळ तडतडायला लागली. मी शाळेतून आले तर सर, नलवडे सर, ओळीत ओणवे होऊन मातीतून दाणे वेचत होते आणि आपा त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे. आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत वेचलं. कुठल्या झाडाचा कुठला दाणा ते कळायला मार्ग उरला नव्हता. शेजारच्या ओळीत काळ्या गावठी सोयाबीनची झाडं होती, त्यांचेही दाणे मिसळले असतील. सरांनी सगळं एकाच पाकिटात भरलं. त्यातले चिमूटभर पुण्याला प्रयोगशाळेत पाठवले. फेब्रुवारीत पत्र आलं. सरांना हवं होतं ते त्या चिमटीत होतं. वास मारणारं आम्ल कमी, कधी बघितलं नव्हतं इतकं कमी. सर पत्र घेऊन आमच्या खोलीवर आले. आईनं त्यांना गूळ दिला, कारण साखर नव्हती. सरांनी गूळ हातात धरला आणि खायचं विसरून गेले.

जूनमध्ये पाकिटातले उरलेले दाणे रुजवून कुंड्यांत लावायचे होते. नेमके त्या आठवड्यात शालूकाकूंचे वडील वारले आणि सर चार दिवस साताऱ्याला गेले. जाताना पाकीट माझ्या हातात दिलं. "मी मोजलेले नाहीत. तू मोज, रात्रभर भिजव, ओल्या फडक्यात बांध, वहीत लिही. भिजत घातले किती, रुजले किती. एवढंच." मी मोजले. स्टीलच्या ताटलीत, दहा-दहाचे ढीग करून. एकसष्ट. सकाळी बघते तर एकोणचाळीस दाणे टम्म फुगले होते आणि बावीस जसेच्या तसे, खड्यासारखे, ताटलीत टणटण वाजणारे. आई भाकरी थापत होती. तिनं मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "गणंग लय निघालं की गं तुज्या सरांच्या बियात." मटकी भिजवली की न भिजणारे दाणे निघतात, दाताखाली आले तर दात हलवणारे, ते गणंग. आमच्याकडं मुलीला हे शिकवावं लागत नाही. ताट मांडीवर घ्यायचं, ओल्या दाण्यांवरून बोटं फिरवायची, बोटांना जे टोचेल ते उचलून टाकायचं. माझी बोटं तर सांगलीत नावाजलेली. "काढ ती," आई म्हणाली, "न्हाईतर बाकीची नासवत्याल." "मोजून ठेवू का?" "गणंग कोण मोजतं व्हय?" मी हसले. मग ताटली घेऊन मागच्या दारी गेले आणि शेजारच्या रंगुबाईंच्या कोंबड्यांपुढं बावीस दाणे भिरकावले. कोंबड्या धावत आल्या. मला अजून तो आवाज ऐकू येतो, पत्र्यावर चोची वाजाव्यात तसा. का कोण जाणे, पण तेव्हा तो मला चांगला वाटला होता, काम उरकल्यासारखा.

इथपर्यंत मी निर्दोष आहे. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय, अगदी याच शब्दांत. घरात शिकवलं ते केलं, जे केलं ते नीट केलं. पण मग मी वही उघडली. दोन रकाने. 'भिजत घातलेले' खाली एकसष्ट लिहायचं आणि 'रुजलेले' खाली एकोणचाळीस. मी ते आकडे मनात शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि मला ते आवडले नाहीत. अकरा शेंगांची विजयमाला, आणि तिच्या हातून तिसरा हिस्सा बी वाया. सर काही बोलणार नाहीत, पण चहावाल्याला सांगणारही नाहीत. गणंग तर कुणीच मोजत नाही. मी दोन्ही रकान्यांत एकोणचाळीस लिहिलं. अक्षर छान काढलं. सर आले, त्यांनी वही बघितली, कुंड्यांवरून नजर फिरवली आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "मला वाटलं, जास्त असतील गं." आणि मी, जिचा हात प्रश्न संपायच्या आत वर असतो ती मी, श्वास न घेता बोलले, "सर, तुम्ही पुण्याला पाठवले नव्हते का?" आठी गेली. "खरंच की," सर म्हणाले. "एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस. तुझ्या हाताला गुण आहे, विजयमाला."

एकोणचाळीस झाडं जोमानं वाढली. त्यांतलं एकही फारसं वेलासारखं गेलं नाही, शेंगाही कमी तडकल्या. आपा खूश होते. म्हणाले, पोरं सुधारली. मला तेव्हाच काहीतरी कळलं असलं पाहिजे. सोयाबीनचा गुणच सगळा दिसत होता आणि पणजोबा कुठं दिसत नव्हता, आणि मला माहीत होतं की पणजोबाचे दाणे बारीक आणि काळपट असतात. हे दोन विचार माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते आणि मी मधलं दार उघडलं नाही. जानेवारीत पुण्याचं दुसरं पत्र आलं. एकोणचाळीस झाडांचे एकोणचाळीस नमुने, सगळ्यांचं तेल नेहमीसारखं. वास मारणारं. सर शेडमध्ये खुर्चीवर बसून पत्र वाचत होते आणि मी पाण्याची झारी हातात धरून समोर उभी. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. "म्हणजे पहिला निकालच चुकीचा होता," म्हणाले. "त्यांचा नमुना बदलला असेल. किंवा मी..." मग माझ्याकडे बघून हसले. "माणसाला जे हवं असतं ना, विजयमाला, तेच त्याला दिसतं. पाच वर्षं दिसत राहतं. लक्षात ठेव हे." झारीतून पाणी माझ्या पायावर गळत होतं. त्या क्षणी नुसतं 'सर, बावीस गणंग निघाले होते' एवढं म्हणायचं होतं. पाच शब्द. भाषणात मी अडीचशे शब्द एका दमात म्हणते.

मी ते लक्षात मात्र ठेवलं. 'विज्ञान आणि सत्यनिष्ठा' या विषयावर जिल्ह्याच्या स्पर्धेत बोलताना शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "माणसाला जे हवं असतं, तेच त्याला दिसतं." परीक्षकांनी माना डोलावल्या. तो दुसरा कप. तोवर सरांनी वावर कॉलेजला परत केलं होतं आणि बदली मागून ते साताऱ्याला गेले होते. जाताना आपांना त्यांनी आपली छत्री दिली.

म्हैसाळकर बाईंचा तास संपला त्या दुपारी मी घरी आले ती सरळ रंगुबाईंच्या मागच्या दारी गेले. कशाला गेले ते मलाही सांगता येणार नाही. एखादा वेल कुंपणावर असेल, एखादा दाणा कोंबडीच्या चोचीतून सुटला असेल, टरफलाला कुठंतरी ओरखडा गेला असेल. कुंपणावर घोसाळं होतं, दुसरं काही नाही. "काय हुडकतीस गं?" रंगुबाई म्हणाल्या. "रंगुबाई, तुमच्या त्या कोंबड्या?" "कुठल्या?" "दीड वर्षामागच्या." रंगुबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "दीड वर्सं कोंबडी ठिवून काय तिचं लगीन लावायचंय व्हय? खाल्ल्या की. तुज्या आपांनी बी खाल्ली एक, संक्रांतीच्या करीला."

साताऱ्याला जायला निमित्त होतंच. तिथल्या एका शाळेत स्पर्धा होती आणि आपा सोबत येणार होते. एसटीत इस्लामपूरपर्यंत मी भाषण घोकल्यासारखं करत होते. उसाच्या गाड्या रस्ता अडवून होत्या आणि बस मुंगीसारखी चालली होती. कराड सोडल्यावर मी म्हणाले, "आपा, स्पर्धेच्या आधी नलवडे सरांकडं जाऊ." आपांचा चेहरा उजळला. "मी म्हणणारच हुतो. देवमाणूस." मग मी खिडकीकडे बघत त्यांना सगळं सांगितलं. एकसष्ट, बावीस, एकोणचाळीस. आपांनी तिकिटाची घडी करून वरच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "पल्टनीत चूक झाली तर शिक्षा हुती. पन रिपोर्ट न्हाई दिला तर लय मोठी शिक्षा. का म्हाईत हाय? तुज्या रिपोर्टावर दुसरा मानूस पुढं चालत असतो."  मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. त्यांनी पिशवीतनं भुईमुगाच्या शेंगा काढून दिल्या, मी त्या तशाच मुठीत धरून ठेवल्या.

मंगळवार पेठेत चढावर, माडीवरच्या दोन खोल्या. सर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. केस मागे हटले होते, गळ्यात मफलर. मला बघून उठले, शालूकाकूंना हाक मारली, "अगं, माझी बोटं आलीत." शालूकाकू पदराला हात पुसत आल्या, आपांना पाट दिला, मला जवळ घेतलं. मला वाटलं होतं मी चहा झाल्यावर सांगेन. पण चहा आला असता तर मी चहाबद्दल बोलले असते, आणि मग अजिंक्यताऱ्याबद्दल. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सुरुवात मध्य शेवट असं काही नाही. "सर, एकसष्ट होते. बावीस भिजले नाहीत. मी गणंग म्हणून कोंबड्यांना टाकले. वहीत खोटं लिहिलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोलले."

मी रागाची तयारी करून गेले होते. सर रागावले नाहीत. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "बावीस? नक्की?" "नक्की." "लहान होते?" "हो." "काळे?" "काळपट." आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरायला लागलं, जे मी फेब्रुवारीत गूळ हातात असताना बघितलं होतं. "अगं शालू," ते म्हणाले, "पुण्याचं पहिलं पत्र बरोबर असेल. मी चुकलो नसेन." ते उभे राहिले, दोन पावलं चालले, खोली लहान होती म्हणून परत फिरले. "पुन्हा करता येईल. रानटी बी पुन्हा मागवू. कुठल्या झाडाशी कुठला पराग, ते सगळं वहीत आहेच." शालूकाकूंनी आपांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "वह्या कुठं आहेत आता," त्या म्हणाल्या. "दिवाळीत बंबात घातल्यात ना तुम्ही. नरकचतुर्दशीला. मी नको म्हणत होते." सर थांबले. म्हणाले, "हो की. पाणी चांगलं तापलं होतं," आणि आपांनी हसल्यासारखं केलं.

दाणे मी जूनमध्ये टाकले होते. वह्या जळल्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीत. मधे सतरा महिने होते. मी मनात मोजत होते, थांबवता येत नव्हतं. सतरा महिन्यांत मी रोज शाळेत गेले, रोज बोलले, एक कप आणला.

सर पुन्हा खाटेवर बसले. "इकडं ये," म्हणाले. मी जवळ गेले. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि डाव्या हाताच्या बोटानं त्यावर एक ठिपका दाखवला. "एवढे होते?" "थोडे मोठे." "आता नीट आठवून सांग. रानटी दाण्यावर धुरकट साय असते. धूळ बसल्यासारखी. धुतली तरी जात नाही. आपल्या काळ्या गावठीचा दाणा चकचकीत असतो, करवंदासारखा. शेजारच्या ओळीतले गावठी दाणेही पडले होते त्यात. ते बावीस चकचकीत होते, की धुरकट?" त्यांचा आवाज शांत होता, पण हात तसाच पुढे होता. "धुरकट असतील तर माझं बरोबर होतं. एवढं कळलं तरी पुरे."

शालूकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी, वर-खाली. हो म्हण. मला तेवढी मान हलवण्याची गरजही नव्हती. शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता, 'धुरकट', त्याच्या पाठोपाठ एक सबंध वाक्यही, सकाळच्या उन्हात ताटली कशी होती आणि दाण्यांवर राखेसारखं कसं काही दिसत होतं. सुंदर वाक्य होतं. मी ताटली आठवून बघितली. स्टीलची कड आठवली, आईच्या भाकरीचा वास आठवला, बोटांना टोचलेलं आठवलं, कोंबड्यांच्या चोची आठवल्या. दाणे लहान, काळपट, एवढंच आठवलं; त्यांच्यावरची झाक आठवली नाही. एकाचीही नाही.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "मी त्यांच्याकडं नीट बघितलंच नव्हतं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत उतारावर गेलं. मला वाटलं आता सर म्हणतील, बरं झालं खरं सांगितलंस.  त्यांनी नुसती मान हलवली. हात मात्र मागे घ्यायचं त्यांना सुचलं नाही. तो तसाच उघडा होता माझ्यापुढे, आणि मी त्यात काहीच ठेवू शकत नव्हते.